चार मात्रांची मोकळी जागा

परत आल्यापासून धरमपेठेत भाजी घ्यायला निघाले तरी चार जण अडवतात, आणि चौघंही एकच विचारतात, "मॅडम, कितवे आलात?" तीस वर्षं शाळेत गाणं शिकवून मला नंबर या प्रकाराची चीड आली आहे. नंबर सांगेन, पण त्याच्या जागी. आधी आम्ही कुठे गेलो, काय खाल्लं, कुठे पडलो आणि आमच्या हातून काय झालं ते ऐका. त्यातलं एक मी आजवर घरीही नीट सांगितलेलं नाही.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी मारबतीबद्दल थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बांबू-कागदाची एक भलीमोठी बाई मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात. ती मारबत. रस्त्यात कोणीही आपली पीडा ओरडून सांगायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, "घेऊन जा गे मारबत!" खोकला, डास, रस्त्यातले खड्डे, शेजारणीची जीभ, काहीही चालतं. मी धरमपेठेतली. आमच्या गल्लीत याला "तिकडच्या लोकांचा गोंधळ" म्हणायची पद्धत होती, आणि पन्नाशी उलटेपर्यंत मीही तसंच म्हणत होते. मग रोशनीने एका वर्षी मला हाताला धरून नेलं.

रोशनी मूळची खाप्याची. कॉलेजसाठी नागपुरात आली आणि माझ्याकडे गाणं शिकायला लागली. तिच्या गळ्यात काय आहे ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण तिला मी ते दोन वर्षं कळू दिलं नाही. त्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे ताशा वाजवत, प्रत्येक हाकेला उत्तर देत चालणारे गोवर्धनभाऊ तिनेच मला दाखवले. इतवारीत कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान, वय साठीच्या आसपास, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे कपडे वाळत घालणारी बाई वळून पाहील.

"एक हाक वाया गेली नाही पाहिजे, मॅडम," ते मला म्हणाले होते. "उत्तर नाही भेटलं तं पीडा दुप्पट होऊन घरी वापस येते."

त्यातून गाणं झालं. चाल रोशनीची, शब्द माझे. धूर, धूळ, रुसवा, अबोला, एकेकाला घेऊन जा म्हणायचं. शेवटच्या कडव्याआधी मी चार मात्रा रिकाम्या सोडल्या. तिथे ऐकणाऱ्याने मनातली पीडा ओरडावी अशी माझी कल्पना. या चार मात्रांचा मला इतका अभिमान होता की घरी आलेल्या प्रत्येकाला मी टाळी वाजवून त्या मोजून दाखवत असे. पुढे आशियातल्या बारा देशांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी भारताचं गाणं म्हणून हेच निवडलं गेलं, तेव्हा रोशनीच्या आईने फोनवर विचारलं, "आता हे दिल्लीले गाईन का विमानात?" दोन्ही नाही, कझाकस्तानात, अल्माटीला, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, मोजे द्या तिले."

स्पर्धेचे नियम मी शाळेच्या परीक्षेसारखे पाठ केले होते. गाणं तीन मिनिटांच्या आत. वाद्यं आधी मुद्रित केलेली, आवाज मात्र सगळे जिवंत. आणि शब्द लिहून दिलेत तेवढेच. एक शब्द जास्त झाला तर गाणं बाद. गाण्याच्या आडून कोणी दुसऱ्या देशाविरुद्ध घोषणा देऊ नये म्हणून हा नियम, आणि मला तो पटलाही होता. शब्द माझे, म्हणून कागदावर सही माझी. मंचावर आम्ही पाच जण. रोशनी, मागे साथीला दोन मुली, ताशावाले गोवर्धनभाऊ आणि करवती काठाच्या साडीत मी.

अल्माटी, पहिला दिवस

विमानातून उतरलो तेव्हा गोवर्धनभाऊंच्या एका हातात ताशा आणि दुसऱ्यात भिवापुरी तिखटाची बरणी होती. ताशा त्यांच्या वडिलांचा. तांब्याचं भांडं आणि वर कातडं. वाजवण्याआधी तो शेकून ताणावा लागतो, म्हणून त्यांनी नागपूरच्या विमानतळावर काडेपेटी मागे ठेवायला नकार दिला होता. ती अर्थातच ठेवावी लागली.

न्यायला आयगुल आली होती. स्पर्धेतल्या प्रत्येक देशाबरोबर तिथली एक मुलगी दिलेली, तशी ती आमची. दिल्लीत दोन वर्षं शिकल्यामुळे तिचं हिंदी माझ्यापेक्षा स्वच्छ. रस्ता सांगताना ती उजवं-डावं म्हणतच नव्हती. "थोडा ऊपर, फिर नीचे." मला सगळा रस्ता सपाट दिसत होता. मग तिने बोट दाखवलं. रस्त्याच्या टोकाला बर्फाचे डोंगर उभे होते, इतके जवळ की हात लावावासा वाटला. डोंगराकडे ते वर आणि उलट दिशा ती खाली, सगळं शहर असंच बोलतं. आमच्या नागपुरात डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्सची टेकडी. तिच्यावर विसंबून कोणी रस्ता सांगितला तर माणूस हरवेल.

त्या डोंगरांकडे पाहत चालताना मी पडले. तिथे प्रत्येक रस्त्याच्या कडेने डोंगरावरचं पाणी वाहून नेणारी दगडी पाट आहेत, उघडे. माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. पाणी बर्फासारखं, मोजा नवा. रोशनी हसू दाबत मला ओढत होती, आणि समोरचा एक माणूस धावत येऊन मला आपल्या भट्टीपाशी घेऊन गेला. जमिनीत पुरलेला तंदूर होता तो, आणि आत कडेला तिकोनी कचोऱ्या चिकटवल्या होत्या. तिथे त्याला समसा म्हणतात. बहुतेकांत मांस असतं, पण आयगुलने माझ्यासाठी भोपळ्याची शोधली. पाय वाळवत मी तीन खाल्ल्या. हा तंदूरवाला स्पर्धेच्या सभागृहाच्या अगदी दारासमोरच होता, आणि पुढचे चार दिवस माझं जेवण त्यानेच सांभाळलं.

त्या दिवशी गोवर्धनभाऊंना पहिला धक्का बसला. वाद्यं मुद्रित, म्हणजे ताशा नुसता दाखवायला. माइकमध्ये त्याचा आवाज जाऊ नये म्हणून एका तंत्रज्ञाने कातड्यावर जाड फोम चिकटवला. भाऊंनी काडी मारून पाहिली. थप्प असा आवाज आला.

"हे तं त्याच्या तोंडात बोळा कोंबला ना जी," ते म्हणाले. "वाजवायचा नाही तं मंग आनला काहून?"

"दिसायला, भाऊ."

"दिसायले मी आहो ना."

मी हसून सोडून दिलं. तेव्हा हसायला नको होतं.

तालीम

दुसऱ्या दिवशी सभागृहात तालीम. मंचासमोर एका टेबलाशी नियमांवर देखरेख करणाऱ्या बाई बसल्या होत्या. आखूड पांढरे केस, गळ्यात घड्याळ, पुढ्यात माझ्या शब्दांचा रशियन अक्षरांत लिहिलेला कागद. आम्ही गात होतो तशी त्यांची पेन्सिल शब्दाशब्दावर टेकत पुढे सरकत होती. माझ्या कवितेची इतकी काटेकोर वाचक मला आजवर मिळाली नव्हती.

रोशनी अप्रतिम गायली. शेवटच्या कडव्याआधी ती थांबली, माझ्या चार मात्रा सुरू झाल्या. सभागृह रिकामं, बाहेरून कोणी ओरडणार नव्हतं. तेवढ्यात कुठल्याशा माइकने कानठळ्या बसतील अशी शीळ घातली.

"माइकची कटकऽऽट!" गोवर्धनभाऊ ओरडले.

आणि आम्ही उत्तर दिलं. आम्ही सगळ्यांनी. मागच्या दोन मुली, रोशनी आणि मी. "घेऊन जा गे मारबत!" कोणी विचार केला नाही. गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा केलं होतं की हाक आली आणि उत्तर तोंडातून गेलं. मला माझा आवाज वेगळा ऐकू आला. तीस वर्षं मुलांना "ओरडू नका, गा" सांगणाऱ्या बाईचा तो आवाज होता, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी मजा वाटली.

मग पेन्सिल थांबलेली दिसली.

संगीत बंद झालं. बाई मंचावर आल्या, आमच्या पथकाचे प्रमुख म्हणून आलेले दिल्लीचे साहेबही आले. आयगुल मध्ये उभी राहून भाषांतर करत होती आणि तिचा चेहरा पडला होता. हे शब्द कागदावर नाहीत. कोण बोललं?

"मी," गोवर्धनभाऊंनी ताशाची काडी वर केली.

"और जवाब किसने दिया?" आयगुलने बाईंचा पुढचा प्रश्न सांगितला.

भाऊंनी आमच्याकडे पाहिलंही नाही. "तेबी मीच. दोन्ही मीच."

त्या चार आवाजांचा गलबला एका माणसाचा असूच शकत नव्हता. बाईंना तो कळला असेल किंवा शीळेत नीट ऐकू गेला नसेल, देव जाणे. त्यांनी आमच्यावरून एकेक नजर फिरवली आणि थांबल्या. कोणी काही सांगणार असेल तर हीच वेळ होती. रोशनीने तोंड उघडलं. ती माझ्या शेजारी उभी होती. मी तिचा हात पकडला आणि दाबला, जोरात. ती गप्प बसली. मीही गप्प बसले.

का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, रोशनीसाठी. पाचही जणांनी नियम मोडला असं नोंदलं गेलं असतं तर गाणं त्याच दिवशी गेलं असतं. यात थोडं खरं आहे. पण सही माझी होती, आणि सही करणारीच ओरडली हे कोणाला कळू नये, हे त्याहून जास्त खरं आहे.

बाईंनी कागदावर लिहिलं. ही एकच ताकीद. अंतिम फेरीत एक शब्द जास्त झाला तर भारताचं गाणं बाद. खाली ज्याने चूक केली त्याचं नाव लिहायचं होतं. गोवर्धनभाऊंनी मराठीत सही केली, अगदी सावकाश, पूर्ण नाव.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. मंचावरच्या माणसांची यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बदलता येत होती. "मॅडम, बुजुर्ग को नीचे बिठा दीजिए. ताशा तो वैसे भी टेप पर है. रिस्क क्यों लें?" आणि वर म्हणाले, सही तुमची आहे, तुम्हीच ठरवा.

मी लगेच नाही म्हणाले नाही. विचार करते म्हणाले.

हॉटेलवर रोशनी माझ्या खोलीत आली. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"मॅडम, ओरडलो तं आपण सगळेच होतो. मंग काकांचं एकट्याचं नाव काहून?"

"तुझं गाणं वाचावं म्हणून."

"मले असं नाही वाचवायचं," ती म्हणाली आणि दार न आपटता निघून गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

आयगुलच्या घरी

दुसऱ्या दिवशी दुपारी आयगुलच्या वडिलांनी आम्हाला जेवायला बोलावलं. जायची इच्छा कोणालाच नव्हती, पण तिथे बोलावणं नाकारणं म्हणजे घराचा अपमान.

बसल्याबरोबर चहा आला, दूध घालून, अगदी आपल्यासारखा. जीव जरा थाऱ्यावर आला. पण वाटी अर्धीच भरलेली. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा कप दिला तर त्याची आठवण लग्नकार्यात काढतात. इथे उलट. अर्धी दिली की पाहुणा पुन्हा मागतो, यजमानीण पुन्हा भरते, आणि वाटी काठोकाठ भरली तर समजायचं की आता निघा. मी सात वेळा मागितला. बरोबर तळलेल्या पिठाचे गोळे होते, बिनसाखरेचे गुलगुलेच. गोवर्धनभाऊंनी त्यावर भिवापुरी तिखट भुरभुरलं आणि घरच्या आजोबांपुढे बरणी सरकवली. आजोबांनी चिमूटभर खाल्लं, डोळे पुसले आणि बरणी आपल्याजवळ ठेवून घेतली.

मग ते आलं. मोठ्या थाळीत मेंढीचं अख्खं डोकं. सगळ्यांत मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात, आणि सही माझी म्हणून मानही माझा. मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण गोवर्धनभाऊ हसत पुढे झुकले, "मॅडमच्या वतीनं मी," म्हणाले आणि थाळी आपल्याकडे ओढली. आदल्या दिवशीही त्यांनी माझ्या वतीने हेच केलं होतं. मला त्यांच्याकडे पाहवेना.

आजोबांनी सुरी त्यांच्या हातात दिली आणि काय करायचं ते आयगुलने सांगितलं. कान कापून घरातल्या सगळ्यांत लहानाला द्यायचा, म्हणजे तो मोठ्यांचं ऐकतो. भाऊंनी कान कापला. समोर आयगुलची छोटी भाची हात पुढे करून बसली होती. भाऊंनी तुकड्याचे दोन भाग केले, एक तिला दिला आणि दुसरा स्वतः खाल्ला.

"ऐकायची जास्ती गरज मलेच आहे," ते म्हणाले. आयगुलने भाषांतर केलं, घर हसलं. रोशनी हसली नाही.

जेवण संपल्यावर आजोबांनी दोन्ही तळवे वर उघडले. कोणी उठेना. ते हळू आवाजात, लांब लांब काही म्हणत राहिले, आम्हा पाचही जणांकडे एकेकदा पाहत. आशीर्वाद होता तो. संपल्यावर सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आयगुल हळूच म्हणाली, याचं उत्तर दिल्याशिवाय जेवणावरून उठता येत नाही.

"पाह्यलं का, मॅडम?" गोवर्धनभाऊंचे डोळे चमकले. "इथंबी तसंच आहे. सांगनारा सांगते, बाकीचे उत्तर देते."

परतताना पायी निघालो, शहराच्या भाषेत खाली. सफरचंदांच्या ढिगांपाशी ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबांनं सांगतलं मले. मी बसतो खाली. राग नाही काही. माह्या जिभेचा मलेच भरोसा नाही."

हो म्हटलं की सुटले असते. त्यांनी दार उघडूनच दिलं होतं. पण जिभेचा भरोसा हाच निकष असेल तर खाली बसायला आधी मी हवी होते. हे तोंडावर सांगण्याची हिंमत तेव्हाही झाली नाही. "तुम्ही वर उभे राहाल," एवढंच म्हणाले आणि पुढे चालायला लागले. संध्याकाळी यादी दिली, पाच नावांची. साहेबांनी ती दोनदा वाचली. "मर्ज़ी आपकी," म्हणाले.

अंतिम फेरी

अंतिम फेरी पाचव्या दिवशी दुपारी होती, कारण पूर्वेकडच्या देशांत तेव्हा संध्याकाळ असते. आमचा क्रम नववा. मंचामागे आम्ही पाळीची वाट पाहत उभे होतो. रोशनीने माझ्याशी तीन दिवसांत गाण्यापलीकडे शब्द काढला नव्हता, पण तेव्हा तिने येऊन माझ्या साडीची निरी नीट केली.

"भाऊ," मी गोवर्धनभाऊंना म्हणाले, "चार मात्रा."

"दात घट्ट धरतो," ते म्हणाले.

समोर हजारो माणसं. पहिल्या रांगेपुढे टेबल, टेबलावर तो कागद, ती पेन्सिल. संगीत सुरू झालं आणि रोशनीने पहिली ओळ अशी उचलली की मागच्या रांगांमध्ये तिरंगे हलायला लागले. तिथे डॉक्टरकी शिकणारी आपली मुलं होती, आयगुलने सांगितलं होतं. धूर गेला, धूळ गेली, रुसवा गेला, अबोला गेला. भाऊ मुका ताशा बडवत होते आणि कागदावर होतं तेवढंच म्हणत होते. पेन्सिल सरकत होती.

रोशनी थांबली. माझ्या चार मात्रा सुरू झाल्या.

आणि वरच्या सज्ज्यातून एका मुलीचा आवाज आला, अगदी आमच्याकडचा.

"माह्यं भेऽऽव!"

भेव म्हणजे भीती. पुढे तिने काही म्हटलं नाही. रीत तिला ठाऊक होती. आपण पीडा सांगायची आणि थांबायचं. ती थांबली होती. त्या अख्ख्या सभागृहात ती काय म्हणाली आणि आता काय व्हायला हवं हे कळणारी आम्ही पाच माणसं, आणि पाचही मंचावर, पाचांच्याही तोंडासमोर माइक.

पहिली मात्रा गेली. उत्तर माझ्या घशापर्यंत आलेलं होतं. मी जीभ दाताखाली धरली. दुसऱ्या मात्रेला मी गोवर्धनभाऊंकडे पाहिलं. काड्या हवेतच थांबल्या होत्या. मानेची शीर तट्ट फुगलेली, ओठ आत ओढलेले, हनुवटी थरथरत होती. तिसरी मात्रा. त्यांनी डोळे मिटले. गेलं, मला वाटलं, आता गेलं. त्या तिसऱ्या मात्रेत मी तीस वर्षं म्हातारी झाले.

चौथी मात्रा संपली. रोशनीने शेवटचं कडवं उचललं. तिचा आवाज किंचित हलला आणि सावरला. भाऊंच्या काड्या पुन्हा फोमवर पडायला लागल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि कॅमेऱ्याने नेमकं तेच दाखवलं. घरी सगळ्यांना वाटलं, देशप्रेमाने भरून आलं.

दोन मिनिटं सत्तावन्न सेकंद. बाईंनी कागदाच्या तळाशी बरोबरची खूण केली.

पुढचा तास गुणांचा. एकेक देश पडद्यावर येऊन आकडे सांगत होता, रोशनी आणि मुली एकमेकींचे हात धरून उड्या मारत होत्या. गोवर्धनभाऊ खुर्चीच्या काठावर ताशा मांडीवर घेऊन बसले होते.

"पोरीले तशीच सोडली," ते म्हणाले. पुन्हा काही वेळाने तेच.

बारा देशांत आम्ही पाचवे आलो. हा घ्या नंबर. साहेबांनी पेढे वाटावेत तशी सगळ्यांशी हस्तांदोलनं केली. गोवर्धनभाऊंची पाळी आली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पायऱ्यांवर

आम्ही धावत बाहेर आलो. ऊन अजून होतं, डोंगर गुलाबी दिसायला लागले होते. समोर तंदूरवाल्यापाशी गोवर्धनभाऊ वाकले होते. त्यांनी फोम नखांनी ओरबाडून काढला होता आणि ताशा भट्टीच्या तोंडावर धरून गोल गोल फिरवत कातडं शेकत होते. तंदूरवाला कमरेवर हात ठेवून आपल्या समसांची काळजी करत उभा होता. भाऊंनी बोटाने टिचकी मारली. टण्ण. चार दिवसांत पहिल्यांदा तो ताशा बोलला.

सभागृहातून माणसं बाहेर पडत होती. भाऊ गळ्यात ताशा अडकवून पायऱ्यांच्या मधोमध उभे राहिले आणि दोन गल्ल्यांपलीकडे जाईल असा आवाज काढला.

"भेव कोनाचं होतं वं?"

तिरंगा गुंडाळून घेतलेल्या घोळक्यातून एक बारकी मुलगी पुढे आली. पल्लवी, भिवापूरची, दुसऱ्या वर्षाला. बाकीची मुलं राजस्थानची, केरळची. त्यांना काय चाललंय कळेना.

"माह्यंच होतं, काका," ती म्हणाली. "आवाज आला तुमाले? मले वाटलं नाही आला."

"आला ना. उत्तर देता आलं नाही. कशाचं भेव आहे?"

तिने मान खाली घातली. एका विषयात नापास झाली होती, घरी सांगितलं नव्हतं. वडील रोज फोनवर विचारतात आणि ती रोज चांगलं चाललंय म्हणते. "काय म्हन्तीन ते?"

"ते मंग पाहू. आता मोठ्यानं सांग."

"माह्यं भेऽऽव!"

"घेऊन जा गे मारबऽऽत!" आणि ताशा असा कडकडला की कबुतरं उडाली. मुलगी रडायला लागली आणि हसायलाही. तिने पुन्हा हाक दिली, पुन्हा उत्तर मिळालं. मग तिच्या मित्रांना रीत कळली. एकाने परीक्षा ओरडली, एकाने थंडी, एकीने मेसचं जेवण. आयगुल कझाकमध्ये काहीतरी ओरडली आणि अर्थ सांगायला तयार होईना. रोशनी ओरडली, "राऽऽग!" आणि ओरडताना माझ्याकडे पाहिलं. प्रत्येकाला उत्तर मिळत होतं. मी सगळ्यांत वरच्या पायरीवर साडीचा पदर घट्ट धरून उभी होते, वर्गात मुलं गोंधळ घालतात तेव्हा दारात उभी राहते तशी.

मग मी खाली उतरले. पाच-सहा पायऱ्याच होत्या.

"भाऊ," मी म्हणाले, "त्या दिवशी तालमीत मीबी ओरडली होती. नाव तुमच्या एकट्याचं लागलं आणि मी गप्प राहिली. रोशनीलाही मीच बोलू दिलं नाही."

त्यांनी काड्या खाली घेतल्या. आजूबाजूची मुलं शांत झाली. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळलं असावं. मी श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवून ओरडले.

"माझं गप्प राहाऽऽणं!"

आवाज फाटला. मी थांबले. रीत मलाही ठाऊक होती.

एक मात्रा गेली. दोन. गोवर्धनभाऊ माझ्याकडे पाहत होते, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. तीन. तंदूरवालासुद्धा हात थांबवून बघत होता. चार. चारही गेल्या, आणि पाचवीही गेली. उत्तर न मिळालेली पीडा दुप्पट होऊन घरी येते, हे त्या पाचव्या मात्रेत मला अगदी खरं वाटलं.

"घेऊन जा गे मारबऽऽत!"

ते एकटेच ओरडले, पूर्ण गळ्याने, आणि मग ताशा. पाठोपाठ रोशनी, पल्लवी, सगळे. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

गलका चालू असताना गोवर्धनभाऊ माझ्या कानाशी वाकले.

"मले तं तवाच मालूम होतं, मॅडम. तुमचा आवाज माह्या कानापाशीच होता." काड्या वर उचलत ते पुढे म्हणाले, "सुरात होता पन."